पुढे चाल

लहानपणी पाटसला कबड्डीचे सामने बघताना मला खेळापेक्षा जास्त ओढ असायची ती पंचांच्या टेबलामागे टांगलेल्या पुठ्ठ्याची. त्यावर स्केचपेनने भाग्यपत्रिका काढलेली असायची. डावीकडे सोळा संघांची नावं, मग आठ कंस, मग चार, मग दोन, मग एक आणि अगदी उजवीकडे एक मोकळी रेघ. त्या रेघेवर नाव चढायला पंधरा सामने लागतात. प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो आणि पंधरा जण घरी गेल्याशिवाय एक उरत नाही, म्हणून पंधरा. हा हिशेब उमगला त्या रात्रीचा आनंद मला अजून आठवतो.

एखाद्या रात्री मात्र पुकारा लांबायचा. माइकवरून एकाच संघाचं नाव तीनदा घेतलं जायचं. मैदानात दुसरा संघ एकटाच उभा असायचा, मांड्यांवर थापा मारत, अंग गरम ठेवत. न आलेल्यांचा टेम्पो वाटेत बंद पडलेला असायचा, किंवा गावात कुणी गेलेलं असायचं, किंवा कारखान्याचं गाळप सुरू होऊन सगळी पोरं उसाच्या फडात अडकलेली असायची. मग जाहीर व्हायचं: प्रतिस्पर्धी हजर नसल्यामुळे अमुक संघाला पुढे चाल. पुठ्ठ्यावरचं एक नाव एक कंस ओलांडून उजवीकडे सरकायचं. चढाई झाली नाही, पकड झाली नाही, तरी त्यापुढचा सगळा पुठ्ठा बदललेला असायचा. उद्या कुणाशी कोण भिडणार, हे न आलेल्या माणसांनी ठरवलेलं असायचं.

'पुढे चाल' हे शब्द मला फार आवडतात. पाटसमध्ये ते जरा जास्तच अर्थ घेऊन येतात, कारण आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी इथे दुपारचा विसावा घेते आणि मग रोटी घाट चढायला लागते. विसावा झाला की गावाला एकच गोष्ट ठाऊक असते, आता पुढे चालायचं. खेळातही पुढे चाल मिळालेल्याला घाट चुकत नाही. तो फक्त जरा लवकर सुरू होतो.

जगातल्या मोठमोठ्या भाग्यपत्रिकांवरही हेच घडतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तिथे टेम्पो बंद पडत नाही, दोन देशांमधला रस्ताच बंद असतो. आणि एकदा असा रिकामा कंस शोधायची सवय लागली की फुटबॉलचा इतिहास वाचताना अक्षरशः थक्क व्हायला होतं.

आपल्यापासूनच सुरुवात करू. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आशिया चषकात भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी कोणती? उपविजेतेपद, १९६४. यजमान होता इस्रायल. इस्रायल तेव्हा आशियाई फुटबॉल महासंघाचा सभासद होता आणि १९५६ व १९६० या पहिल्या दोन्ही स्पर्धांत दक्षिण कोरियाच्या मागे दुसरा आला होता. पण अरब देश आणि त्यांच्या बाजूने उभे असलेले देश इस्रायलशी मैदानात उतरायलाच तयार नव्हते, मग त्याच्या भूमीवर जाऊन खेळणं दूरच. पात्रता फेरीत माघारी सुरू झाल्या. प्रत्येकाचं कारण एकच होतं असं नाही, पण त्या स्पर्धेवर सावली पडली होती ती या बहिष्काराची. भारताच्या गटातले प्रतिस्पर्धी एकेक करून गळाले आणि भारत चेंडूला पायही न लावता अंतिम चार संघांत पोचला. इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. अंतिम सामना नव्हताच, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं आणि गुण मोजायचे.

इथे बरेच जण हसून म्हणतात, चारांत दुसरा येण्यात काय मोठंसं? मला हे म्हणणं पटत नाही. पुढे चाल फक्त दारापर्यंत नेते. दारात उभा होता सलग दोनदा आशिया जिंकलेला दक्षिण कोरिया. २७ मे १९६४ रोजी हैफामध्ये भारताने त्याला २–० असं हरवलं. एक गोल अप्पलराजूचा, दुसरा इंदर सिंगचा. तारीख पुन्हा वाचा. त्याच दुपारी दिल्लीत पंडित नेहरू गेले. इकडे देश रेडिओभोवती गोळा होऊन सुन्न झाला होता, आणि तिकडे भूमध्य समुद्राच्या काठावर देशाचा संघ आशियाच्या विजेत्याला नमवत होता. दोन दिवसांनी भारत यजमानांकडून ०–२ असा हरला, मग हाँगकाँगला ३–१ ने हरवून दुसरा आला. कर्णधार चुनी गोस्वामी, प्रशिक्षक हॅरी राइट नावाचे इंग्रज गृहस्थ. गोव्यात कोलवाळला जन्मलेला, मुंबईत वाढलेला आणि टाटांकडून खेळलेला फोर्चुनातो फ्रांकोही याच पिढीतला.

या पिढीने रिकाम्या जागेचा चटका दोन वर्षांपूर्वीच अनुभवला होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांसाठी इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना येऊच दिलं नाही. भारताचे गुरुदत्त सोंधी हे आशियाई खेळांच्या कल्पनेमागचे एक प्रमुख माणूस. त्यांनी उघड हरकत घेतली: दोघांना वगळून भरवलेल्या खेळांना आशियाई खेळ कसं म्हणायचं? शहर खवळलं. संतप्त जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. आणि अशा वातावरणात भारताला फुटबॉलचा अंतिम सामना खेळायचा होता, प्रचंड स्टेडियममध्ये, सगळा प्रेक्षक विरुद्ध. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगाने पोखरलेले. भारताने दक्षिण कोरियाला २–१ ने हरवून सुवर्ण जिंकलं. पी. के. बॅनर्जी यांचा एक गोल, आणि दुसरा डोक्याला टाके पडलेले असताना जर्नेल सिंग यांनी मारला. जून १९६३ मध्ये रहीम गेले. जे खेळाडू आदल्या वेळी इस्रायलला मज्जाव झाला म्हणून दुसऱ्यांच्या रागाचे धनी झाले, त्यांतलेच काही जण पुढच्या वेळी इस्रायलमध्येच जाऊन खेळले. एका रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजू बघितलेले असे संघ जगात फार नसतील.

आणखी एक गोष्ट मला चकित करते. भारताने इस्रायलला मान्यता दिली होती १९५० मध्ये, पण दिल्लीत त्यांची वकिलात उघडायला १९९२ उजाडावं लागलं. तोवरच्या चार दशकांत त्या देशाची भारतातली अधिकृत पाटी होती ती आपल्या मुंबईत, १९५३ पासूनचा वाणिज्य दूतावास. मुंबईतच का? एक कारण उघड आहे: बेने इस्रायल. शतकानुशतकं कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जाणारे, केहिमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे ज्यू. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग आजही उभं आहे. १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो जण इस्रायलला गेले. म्हणजे भारताचा संघ हैफा आणि जाफामध्ये खेळत होता, तेव्हा त्याच देशात रामला, लोद, बीरशेबा, डिमोना अशा ठिकाणी मराठीत भांडणारी, मराठीत अंगाई म्हणणारी घरं होती.

आणि तो उन्हाळा त्यांच्यासाठीही साधा नव्हता. तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांसाठी वंशावळीची चौकशी लावली होती, जणू ते पुरते ज्यू आहेत की नाही याचाच संशय. १९६४ च्या त्या उन्हाळ्यात ही मराठी माणसं जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक करता येणार नाही. ज्या देशाशी खेळायला शेजारी तयार नव्हते, त्याच देशात आपल्या कोकणातून गेलेली माणसं आम्हाला तुमच्यात धरा म्हणून रस्त्यावर बसली होती. एकाच देशात, एकाच उन्हाळ्यात हे दोन्ही चाललेलं होतं. मी या दोन घटना प्रथम शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

आता आठ वर्षं मागे जाऊ, कारण रिकाम्या कंसांचं गणित सगळ्यात स्पष्ट दिसतं ते १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये. त्या वर्षी जग एकाच वेळी दोन ठिकाणी पेटलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला झाला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले. नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंडने हंगेरीवरच्या हल्ल्याच्या निषेधार्थ ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला, इजिप्तने सुएझमुळे आणि चीनने तैवानच्या उपस्थितीमुळे. फुटबॉलच्या भाग्यपत्रिकेत सोळा नावं होती. माझ्या पाटसच्या पुठ्ठ्यावर असायची तेवढीच. इजिप्त, चीन, हंगेरी, तुर्कस्तान आणि दक्षिण व्हिएतनाम यांनी माघार घेतली. राहिले अकरा. पहिल्या फेरीत आठ सामने व्हायचे होते, प्रत्यक्षात झाले तीन. उरलेल्या पाच जागी पाच जणांना पुढे चाल. आठातून तीन गेले की पाच उरतात, आणि पाच गैरहजरांसाठी पाच पुढे चाली. राजकारणाने उडवलेल्या धुरळ्यातही अंकगणित किती शांतपणे जुळतं!

भारताची गाठ पडणार होती हंगेरीशी. १९५२ चं ऑलिम्पिक सुवर्ण आणि १९५४ च्या विश्वचषकाचं उपविजेतेपद मिळवलेल्या हंगेरीचा तेव्हा धाक होता. त्याच १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १–१० असा हरला होता, काही खेळाडू अनवाणी खेळले होते. पण उठाव चिरडला गेलेल्या देशाचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. भारत उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि समोर आला यजमान ऑस्ट्रेलिया.

१ डिसेंबर १९५६. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. टाटांकडून खेळणारा, मुंबईच्या मैदानांनी घडवलेला हा गडी ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. त्याच संघात गोलरक्षक एस. एस. नारायण होते, माटुंग्याच्या मैदानावर वाढलेले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही नेव्हिलचाच, म्हणजे चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणाऱ्यांपुढे भारत काही क्षण आघाडीवर होता. अखेर भारत १–४ असा हरला, मग कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०–३. चौथा क्रमांक. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला बसला. एकही गोल हंगेरीच्या गैरहजेरीने दिलेला नव्हता. ते सगळे त्याने स्वतः मारले.

याच पुठ्ठ्यावर आणखी एक मौज आहे. ग्रेट ब्रिटन पात्रता फेरीतच बल्गेरियाकडून हरून बाहेर पडलं होतं. माघारींमुळे जागा मोकळी झाली म्हणून त्यांना परत बोलावलं. ते आले, थायलंडला ९–० हरवून पुढे गेले, आणि पुढच्या फेरीत समोर पुन्हा बल्गेरियाच! या वेळी १–६.

पण मला सर्वात जास्त हलवून सोडतो तो १९५८ च्या विश्वचषकाचा किस्सा. आशिया-आफ्रिकेतून एकच जागा होती. तुर्कस्तानने आशियाई गटात खेळायला नकार दिला. इंडोनेशियाने इस्रायलशी तटस्थ मैदानावर खेळू द्या म्हणून विनंती केली, ती फेटाळली गेल्यावर माघार घेतली. सुदानने इस्रायलशी खेळायचंच नाकारलं. इस्रायल एकही सामना न खेळता स्वीडनला पोचण्याच्या बेतात. जागतिक महासंघाला ते मान्य नव्हतं: यजमान आणि गतविजेते सोडून कुणालाही न खेळता विश्वचषकात येता येणार नाही. मग युरोपातल्या गटांत दुसऱ्या आलेल्या संघांच्या चिठ्ठ्या टाकल्या. बेल्जियमचं नाव निघालं, त्यांनी नको म्हटलं. पुढची चिठ्ठी निघाली वेल्सची. चेकोस्लोव्हाकियाच्या मागे राहून बाहेर पडलेला छोटासा देश.

वेल्सने जानेवारीत रामत गानमध्ये २–० आणि ५ फेब्रुवारी १९५८ ला कार्डिफमध्ये पुन्हा २–० असा विजय मिळवला. वेल्सचे व्यवस्थापक होते जिमी मर्फी. ते मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅट बझ्बी यांचे उजवे हात. युनायटेडचा संघ त्याच दिवशी बेलग्रेडमध्ये खेळत होता, पण मर्फींना कार्डिफमध्ये राहावं लागलं. त्यांच्या जागी सहकारी बर्ट व्हेली गेले. दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, परतीचं विमान म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर कोसळलं. तेवीस माणसं गेली, त्यांत व्हेली होते. बझ्बी रुग्णालयात मृत्यूशी झुंजत असताना युनायटेडला पुन्हा उभं केलं ते मर्फींनी. खार्टूम आणि जकार्तामध्ये कुणीतरी एका कागदावर नकाराची सही केली नसती, तर कार्डिफचा तो सामनाच नसता.

साखळी इथेही थांबत नाही. वेल्स स्वीडनला गेला, हंगेरीला हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोचला. १९ जून, गोथेनबर्ग. ब्राझीलविरुद्ध वेल्सने जवळपास सत्तर मिनिटं दम धरला. मग सतरा वर्षांच्या एका मुलाने चेंडू छातीवर घेतला, वळला आणि गोल केला. पेलेचा विश्वचषकातला तो पहिला गोल. सामना १–० ने संपला. वेल्सला पुढचा विश्वचषक बघायला २०२२ उजाडलं, मध्ये चौसष्ट वर्षं गेली. पाटसच्या पुठ्ठ्यावर एक नाव उजवीकडे सरकलं की पुढची रात्र बदलायची. इथे एक नाव सरकलं आणि एका माणसाचा जीव वाचला, एका क्लबाचं नशीब फिरलं आणि पेलेचा पहिला गोल कुणाच्या जाळ्यात जाणार ते ठरलं.

इस्रायलची स्वतःची गोष्ट तर नकाशाच उलटवते. १९७४ मध्ये तेहरानच्या आशियाई खेळांत कुवेत आणि उत्तर कोरिया यांनी त्याच्याशी फुटबॉल खेळायला नकार दिला. त्याच वर्षी कुवेतच्या पुढाकाराने आशियाई महासंघाने त्याला बाहेर काढलं. मग हा देश वीसेक वर्षं फुटबॉलच्या जगात बेवारशासारखा फिरला, कधी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ओशिनिया गटातून पात्रता सामने खेळला, आणि १९९४ मध्ये युरोपीय महासंघाचा पूर्ण सभासद झाला. जमीन आशियातच राहिली आणि संघ युरोपात गेला. ज्यांनी पुढे चाल दिली, त्यांनी अखेर एका देशाचा खंडच बदलून टाकला.

आपणही कुणाला अशी पुढे चाल दिली आहे, आणि ती गोष्ट माझ्या गावापासून फार लांब नाही. खेळ फुटबॉल नव्हे, टेनिस. १९७४ चा डेव्हिस चषक. पाटसहून साधारण साठ किलोमीटरवर, पुण्यात, भारताने उपांत्य लढतीत सोव्हिएत संघाला ३–१ असं हरवलं. विजय आणि आनंद अमृतराज बंधू ऐन बहरात होते. भारत याआधी एकदाच, १९६६ मध्ये, डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत गेला होता आणि ऑस्ट्रेलियाकडून हरला होता. या वेळी समोर होती दक्षिण आफ्रिका, वर्णभेदी राजवटीची. भारताने खेळायला नकार दिला. चषकाच्या इतिहासात पहिल्यांदाच अंतिम लढत न होता विजेता ठरला.

मला या नकाराचा अभिमान वाटतो, आणि त्या खेळाडूंसाठी गलबलूनही येतं. या दोन्हींत मला निवड करता येत नाही. इंडोनेशियाच्या आणि सुदानच्या खेळाडूंचाही मी आता तसाच विचार करतो. पाटसला मी नेहमी मैदानात एकट्या उभ्या असलेल्या संघाकडेच बघत राहायचो. न आलेल्यांच्या गावात त्या रात्री काय चाललं असेल, हे मला तेव्हा सुचलंच नाही. त्यांनीही सराव केलेला असायचा, त्यांचेही बनियन धुवून ठेवलेले असायचे.

१९७४ च्या त्या भाग्यपत्रिकेवर भारताच्या नावासमोर पुण्याचा ३–१ आहे. त्याच्या उजवीकडे आणखी एक कंस आहे, आणि त्यात आकडा नाही.